स्टार्टअप परिषदेत स्टॉल घेणे परवडते का?

द्राक्षबागेतील जमिनीचा ओलावा मोजणारे उपकरण तयार करणाऱ्या आपल्या नव्या कंपनीने दिल्लीच्या स्टार्टअप महाकुंभासारख्या मोठ्या परिषदेत स्टॉल घ्यावा का, आणि तिथे गुंतवणूकदार भेटतात का, असे आपण विचारले आहे. मी पुण्यात कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर तयार करणारी छोटी कंपनी चालवतो आणि अशा परिषदांना स्टॉलधारक व प्रेक्षक अशा दोन्ही नात्यांनी गेलो आहे. त्या आधारावर माझे मत असे की, आज आपण स्टॉल घेऊ नये. जायचेच असेल तर साधा प्रवेश घेऊन एक दिवस जाऊन यावे.

परिषदांची बाजू मांडताना ट्विटरचे उदाहरण हमखास दिले जाते. मार्च 2007 मध्ये अमेरिकेतील ऑस्टिन शहरात भरलेल्या साउथ बाय साउथवेस्ट मेळाव्यात ट्विटरने सभागृहांबाहेर मोठे पडदे लावून उपस्थितांचे संदेश त्यांवर झळकवले, आणि त्या दिवसांत रोजच्या संदेशांची संख्या सुमारे 20 हजारांवरून 60 हजारांवर गेली. ही हकिगत खरी आहे, परंतु ती सेवा जुलै 2006 पासूनच लोकांसाठी खुली होती आणि मेळाव्याला जमलेली तंत्रज्ञानवेडी मंडळी हीच तिची ग्राहक होती, हे सांगायचे बहुधा राहून जाते. आपले ग्राहक निफाड आणि दिंडोरीच्या बागांत आहेत. ते दिल्लीत महाकुंभ भरतो त्या भारत मंडपम या प्रदर्शन संकुलात येणार नाहीत. तिथे आपल्या स्टॉलसमोर थांबणाऱ्यांत विद्यार्थी, सल्लागार आणि आपल्यालाच काहीतरी विकू पाहणारे यांचा भरणा अधिक असेल.

गुंतवणूकदार येतात, यात शंका नाही. मात्र गुंतवणूक संस्थांचे निर्णय घेणारे भागीदार भाषण करून निघून जातात आणि दालनात फिरणारे त्यांचे कनिष्ठ सहकारी माहिती गोळा करतात, असा माझा अनुभव आहे. ज्या भेटींतून पुढे काही घडले, त्या बहुतेक आधी ईमेल पाठवून किंवा एखाद्या ओळखीच्या संस्थापकामार्फत ठरवलेल्या होत्या. परिषद हे केवळ भेटण्याचे सोयीचे ठिकाण होते. सरकारी मदतीसाठी तर परिषदेची गरजच नसते. 2021 मध्ये सुरू झालेल्या स्टार्टअप इंडिया सीड फंड योजनेत 20 लाख रुपयांपर्यंतच्या अनुदानाची तरतूद करण्यात आली, तिचे अर्ज ऑनलाइन ठेवले गेले आणि निवडीचे काम इन्क्युबेटरांकडे, म्हणजे नव्या कंपन्यांना सुरुवातीच्या काळात आधार देणाऱ्या संस्थांकडे, सोपवले गेले.

स्टॉलचे भाडे, सजावट, प्रवास आणि दिल्लीतील मुक्काम यांसाठी जो पैसा लागेल, तो मी आपल्या जागी असतो तर पुण्याजवळच्या मोशीला डिसेंबरमध्ये भरणाऱ्या किसान प्रदर्शनासाठी राखून ठेवला असता. तिथे शेतकरी उपकरण हातात घेऊन पाहतो, किंमत विचारतो, बॅटरी किती दिवस चालते आणि बिघडल्यास गावात कोण येणार हे विचारतो. ठिबकचे डीलरही येतात, आणि कृषी सेवा केंद्रांमार्फत माल विकायचा झाल्यास उधारी किती दिवसांची द्यावी लागेल, हे त्यांच्याशी बोलल्याशिवाय कळत नाही. महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघाच्या वार्षिक चर्चासत्राचीही चौकशी करावी. तिथले श्रोते आपल्या दृष्टीने कोणत्याही गुंतवणूकदाराइतकेच मोलाचे आहेत, कारण पन्नास बागायतदारांनी पैसे मोजून उपकरण घेतले, तर गुंतवणूकदारापुढे बोलायला आपल्याकडे ठोस काही असेल.

स्टार्टअप परिषदेचा एक फायदा मात्र मी मान्य करतो. शेतीच्या क्षेत्रात आपल्यापेक्षा दोन-तीन वर्षे पुढे असलेले संस्थापक तिथे एकत्र भेटतात आणि चहाच्या वेळी ते व्यासपीठावर कधी न सांगितलेल्या गोष्टी, विशेषतः अडकलेल्या वसुलीबद्दल, मोकळेपणाने सांगतात. एक दिवस जाऊन यावे, असे मी म्हटले ते याच गप्पांसाठी.

प्रदर्शन कोणतेही असो, उपकरणात काही नवे तंत्र असेल तर ते लोकांसमोर मांडण्यापूर्वी पेटंटचा प्रोव्हिजनल, म्हणजे प्राथमिक, अर्ज दाखल करावा. प्रदर्शनातील मांडणीमुळे पेटंटचा हक्क जाऊ नये यासाठी भारतीय कायद्यात 12 महिन्यांची सवलत आहे खरी, पण ती केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांनाच लागू होते. प्रोव्हिजनल अर्जानंतर संपूर्ण तपशील दाखल करण्यासाठी 12 महिने मिळतात, आणि तेवढ्या काळात बागायतदारांचा प्रतिसाद पाहून पुढचा खर्च करायचा की नाही, हे आपल्याला ठरवता येईल.