मुलीला मालिकेत काम करायचंय, मुंबईला पाठवू का?

तासगावहून एका आईचं पत्र आलंय. मुलगी यंदा बारावी सायन्स चांगल्या मार्कांनी पास झाली. गॅदरिंगच्या नाटकात आणि एका एकांकिका स्पर्धेत तिला अभिनयाचं बक्षीस मिळालंय. आता बी.एस्सी. नको, मुंबईला जाऊन मालिकेत काम करायचं, असा तिने हट्ट धरलाय. इन्स्टाग्रामवरून कुणी 'तुमची निवड झाली' असं कळवून फोटो आणि कार्डासाठी ४५ हजार रुपये मागितलेत. वडिलांनी या विषयावर बोलणंच सोडलंय. 'पाठवू की अडवू?' असं आई विचारतात.

नमस्कार ताई,

आधी पैशांचं. तो मेसेज फसवणुकीचा आहे, एक रुपयाही भरू नका. निवड झाली असेल तर निर्माता कलाकाराला पैसे देतो, त्याच्याकडून घेत नाही. कार्ड म्हणजे कलाकारांच्या 'सिंटा' या संघटनेचं सभासदत्व. ते कलाकार स्वतः अर्ज करून घेतो, त्याला मधला माणूस लागत नाही. खऱ्या ऑडिशनला मालिकेचं नाही तरी निर्मिती संस्थेचं नाव सांगतात, ऑफिसचा पत्ता देतात, आणि सोबत घरचं माणूस आलं तर कुणी हरकत घेत नाही. पुढे असा मेसेज आला तर आधी संस्थेचं नाव विचारा आणि तिथे स्वतः फोन करून खात्री करा. पैसे आधीच दिले असतील तर सायबर पोलिसांच्या १९३० या क्रमांकावर आजच तक्रार करा.

आता मुलीचं. तिला अडवू नका, पण यंदा मुंबईलाही पाठवू नका.

मालिकेतल्या नटीचा दिवस कसा जातो, हे तिला नीट कळू द्या. शिफ्ट बारा तासांची. सेट ठाण्याच्या घोडबंदर रोडला, मढला, मीरा रोडला किंवा नायगावला. नऊला शूट म्हणजे सातच्या आसपास घराबाहेर पडायचं. सीन पुष्कळदा त्याच सकाळी हातात पडतो, एकीकडे केस बांधून होत असतात आणि दुसरीकडे पाठांतर चालू असतं. आधी मास्टर, म्हणजे सगळ्यांचा मिळून अख्खा सीन, मग एकेकाचे क्लोजअप. तिच्या क्लोजअपची वेळ येईपर्यंत समोरचा नट पॅकअप करून गेलेला असतो, मग सहायक दिग्दर्शक कॅमेऱ्याशेजारी उभा राहून सपाट आवाजात समोरच्याची वाक्यं वाचतो आणि त्याच्याकडे बघून तिला रडायचं असतं. लग्नाचा ट्रॅक असेल तर तोच शालू, तेच दागिने सलग आठवडाभर, सीन एकमेकांशी जुळायला हवेत म्हणून. तालमीला वेळ नसतो. म्हणूनच ज्यांची तालीम आधी झालेली असते तेच इथे टिकतात. कॅमेऱ्यासमोर शिकू म्हणून आलेली मुलगी पहिल्या महिन्यातच गोंधळून जाते, आणि तिथे तिला समजावत बसायला कुणाला फुरसत नसते.

पैशांचं गणितही तिच्यासमोर मांडा. मानधन दिवसावर ठरतं. महिन्यातले किती दिवस हमखास मिळणार, हे करारात लिहून घ्यावं लागतं. टीव्हीच्या धंद्यात मानधन ९० दिवसांनी देण्याची पद्धत आहे, म्हणजे काम जूनमध्ये सुरू झालं तर पहिला चेक पावसाळा संपताना हातात येतो, तोही टीडीएस आणि काम मिळवून देणाऱ्या को-ऑर्डिनेटरचं कमिशन वजा होऊन. तोवर घरभाडं, डिपॉझिट आणि रिक्षाचे पैसे कुठून येणार? २०२० च्या मार्चमध्ये शूटिंग बंद पडली, तेव्हा घरोघरी ओळखीचे चेहरेही अडचणीत आले. आधी केलेल्या कामाचे पैसेही अनेकांचे अडकले होते.

गाजलेली मालिकाही संपते. 'आई कुठे काय करते' २०१९ च्या डिसेंबरमध्ये सुरू झाली आणि जवळपास पाच वर्षं चालली, पण इतकं आयुष्य फार थोड्या मालिकांना मिळतं. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात. ते घसरले की वेळ बदलते, लीप येतो म्हणजे गोष्ट एकदम काही वर्षं पुढे जाते, पंचविशीतल्या मुलीला अचानक कॉलेजात जाणाऱ्या मुलाची आई व्हावं लागतं, नाहीतर मालिका गुंडाळली जाते. त्यानंतर चार महिने, कधी वर्षभरही काम नसतं. ताई, माझं सगळं म्हणणं या रिकाम्या काळाबद्दल आहे. काम मिळेल का, यापेक्षा काम नसताना तुमची मुलगी काय करेल, यावर निर्णय घ्या. सुकन्या कुलकर्णींनी १९९९ मध्ये 'आभाळमाया' गाजवली, आणि २०१३ मध्ये 'जुळून येती रेशीमगाठी'त घरातली मोठी बाई म्हणून तितक्याच ताकदीने उभ्या राहिल्या. इतकी लांब कारकीर्द नुसत्या चेहऱ्यावर होत नाही, त्यामागे रंगभूमी असते.

म्हणून तिला पुण्याला पाठवा. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नाटकात बी.ए. करता येतं, प्रवेश परीक्षा असते. प्रवेश मिळाला नाही तर जिथे 'पुरुषोत्तम' या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेची टीम आहे अशा कॉलेजात हव्या त्या विषयाला घाला. पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे, आणि मराठीतले कितीतरी नट तिथून पुढे आलेत. पदवी झाली की मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स, पुण्याची एफटीआयआय ही चित्रपटाचं शिक्षण देणारी संस्था आणि दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय, या तिन्हींची दारं उघडतात. पदवीशिवाय ती बंद असतात, हे तिला स्पष्ट सांगा. शिकता शिकता डबिंग, निवेदन आणि संवादलेखन यांतलं एखादं काम तिने शिकून घ्यावं. रिकाम्या महिन्यांत घरभाडं त्यातूनच निघतं.

तुम्ही सांगलीकडच्या आहात, हेही विसरू नका. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये 'सीता स्वयंवर' केलं ते सांगलीतच. आणि आता मालिकाही मुंबई सोडून बाहेर पडल्यात, 'तुझ्यात जीव रंगला'चं शूटिंग कोल्हापूरकडे झालं आणि 'लागिरं झालं जी'चं साताऱ्याकडे. तिथे आसपासच्या नाटकवाल्यांना भूमिका मिळाल्या. सुट्टीत अशा मालिकेत चार दिवसांचं छोटं काम मिळालं तर जरूर करू द्या, फक्त तुमच्यापैकी कुणीतरी सोबत जा.

मुंबईला जायची वेळ येईल तेव्हा सहा महिन्यांचा खर्च बाजूला काढा. 'एका वर्षात जमलं नाही तर परत ये' अशी अट मात्र घालू नका. पालक ती प्रेमापोटी घालतात, पण पहिलं वर्ष ऑडिशनची माणसं आणि ऑफिसं कळण्यातच जातं, आणि घाबरलेली मुलगी मिळेल त्या करारावर सही करते. दुसरीकडे काम करायला बंदी आहे का, मालिका सोडायची तर किती दिवस आधी सांगायचं, हे वकिलाला दाखवल्याशिवाय सही नको.

तिच्या वडिलांना हे पत्र वाचायला द्या. त्यांना बहुतेक पैशांची आणि सुरक्षिततेची काळजी आहे, आणि ती रास्त आहे. ललित कला केंद्राच्या प्रवेशाच्या तारखा विद्यापीठाच्या संकेतस्थळावर याच आठवड्यात बघून घ्या. प्रवेश परीक्षेसाठी दोन वेगळ्या स्वभावांची स्वगतं आत्तापासून बसवायला घेतली तर बरं. ती कोणती निवडली आणि का, ते मला तिने स्वतः लिहून कळवावं.