चौलला आलेले प्रवासी कोठे शोधावेत?

प्रश्न: मी चौल आणि रेवदंडा येथील जुन्या बंदराविषयी माहिती जमवत आहे. अनेक परदेशी प्रवाशांनी चौलचे वर्णन केले आहे, असे सर्वत्र वाचायला मिळते. परंतु कोणी, केव्हा आणि कोणत्या ग्रंथात, हे एकत्र सापडत नाही. प्रवास आणि भूशोधन यांच्या इतिहासाचे कोणते संदर्भग्रंथ पाहावेत? (एक वाचक, अलिबाग)

उत्तर: आपला प्रश्न एका गावाचा आहे आणि या विषयावरील कोशांतल्या नोंदी बहुधा प्रवाशांच्या, प्रदेशांच्या किंवा मोहिमांच्या नावाने असतात, अडचण होते ती येथेच. जेनिफर स्पीक यांनी २००३ मध्ये संपादित केलेला प्रवासवाङ्मयाचा त्रिखंडी इंग्रजी विश्वकोश आणि ऑक्सफर्डने २००७ मध्ये काढलेला जागतिक भूशोधनाचा द्विखंडी कोश ही दोन्ही साधने चांगली आहेत, पण प्रवाशाचे नाव कळल्यानंतरची. चौलपासून निघायचे असेल, तर आधी एक शब्दकोश उघडावा.

हा कोश म्हणजे हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांचा १८८६ मधील ‘हॉब्सन-जॉब्सन’. मोहरमच्या मिरवणुकीतील ‘या हसन, या हुसेन’ या आक्रोशाचा गोऱ्या शिपायांनी जो अपभ्रंश केला, त्यावरून हे विचित्र नाव आले. त्यातील नोंदींखाली जुन्या ग्रंथांतील अवतरणे वर्षांसह, कालक्रमाने दिलेली असतात. चौलच्या नोंदीत प्राचीन ग्रीक भूगोलकार टॉलेमीच्या ‘सिमुल्ला’पासून अरबांच्या ‘सैमूर’पर्यंतची रूपे एकाखाली एक वाचता येतात. ही रूपे आधी वहीत उतरवून घ्यावीत, कारण सूचीत नुसते ‘चौल’ शोधणाऱ्याला अरब प्रवासी मसूदी सापडणारच नाही. तो दहाव्या शतकात आला तो ‘सैमूर’ला.

त्यानंतर मूळ वृत्तान्तांकडे वळावे. १८४६ मध्ये लंडनला स्थापन झालेल्या हॅक्लुट सोसायटीने असे वृत्तान्त प्रस्तावना आणि टिपांसह प्रसिद्ध केले आहेत, आणि माझ्या मते या विषयातला खरा खजिना तोच आहे. आर. एच. मेजर यांनी संपादित केलेल्या पंधराव्या शतकातील हिंदुस्थानविषयक खंडात (१८५७) रशियातील त्वेरचा व्यापारी अफनासी निकितिन भेटतो. तो चौलला उतरला, गावाचे नाव त्याने ‘चिविल’ असे लिहिले, आणि तेथून जुन्नरला गेला. तेथील खानाने त्याचा विकायला आणलेला घोडा काढून घेतला आणि धर्म बदलल्यास परत देण्याची अट घातली. हा प्रसंग आपल्याकडे अनेकदा सांगितला जातो, परंतु वर्षाबाबत सावध राहावे: जुने अभ्यासक त्याचे हिंदुस्थानातील आगमन १४६९ मध्ये धरतात, तर नंतरच्या रशियन संशोधकांनी ते १४७१ पर्यंत पुढे आणले आहे. पोर्तुगीज दुआर्ते बार्बोसाचे दोन खंड (१९१८ आणि १९२१) आणि डच प्रवासी लिन्सखोटेनचे दोन खंड (१८८५) हेही याच मालेतले. लिन्सखोटेन हा गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी कारकून होता. म्हणून त्याने वर्णिलेले प्रत्येक बंदर त्याने स्वतः पाहिले की गोव्यात बसून ऐकले, हे संपादकाच्या टिपांवरून तपासावे. त्या खंडांतील इंग्रजी मजकूरही १५९८ च्या भाषांतराचा आहे, हे विसरू नये.

दोन ग्रंथ अगदी आपल्या कामाचे आहेत. मूळचे गोव्याचे डॉक्टर जे. गर्सन द कुन्हा यांनी १८७६ मध्ये चौल आणि वसई यांच्या इतिहासावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला, तर कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्याच्या १८८३ च्या गॅझेटियरात चौलवर मोठी नोंद आहे. तिच्या तळटिपा मजकुराइतक्याच काळजीपूर्वक वाचाव्यात. उतारा घेताना प्रवासाचे वर्ष, लिखाणाचे वर्ष आणि आपल्या हातातील आवृत्तीचे वर्ष ही तीन वेगवेगळ्या रकान्यांत नोंदवावीत.