कोच "फरक पडत नाही" म्हणाले तरी कॉन्फरन्सचा विचार कराच, आणि ट्रान्सफरच्या भरवशावर राहू नका

तुमची पोस्ट काल रात्री वाचली. मुलीला टेनिससाठी अमेरिकेतली दोन कॉलेजं विचारतायत. एक पश्चिम किनाऱ्यावरचं, पण आता बिग टेन या मूळच्या मध्य-पश्चिमेतल्या कॉन्फरन्समध्ये (आपसात सामने खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटात) गेलेलं, आणि दुसरं पश्चिमेतल्याच, नव्याने उभ्या राहिलेल्या पॅक-१२ कॉन्फरन्समधलं. पहिल्याचे कोच म्हणतात की कॉन्फरन्सचा टेनिसला काही फरक पडत नाही, आणि नाहीच जमलं तर ट्रान्सफर (दुसऱ्या कॉलेजात जाणं) आहेच. ही शेवटची ओळ मी दोनदा वाचली. अगदी हेच वाक्य आमच्या स्वयंपाकघरात स्पीकरफोनवर ऐकून मी आणि बायकोने एकमेकांकडे पाहून मान डोलावली होती.

यूटीआर (खेळाडूचं रेटिंग), व्हिडिओ, कोचना मेल कसे लिहायचे वगैरे तुम्हाला माहीत असणारच, त्यात शिरत नाही. मी वकील नाही, कुठल्या कॉलेजात कामाला नाही, आणि नियम दर वर्षी बदलतात. एका मुलीच्या बापाने जे पाहिलं, तेवढंच लिहितो.

आमच्या लेकीने २०२२ च्या शेवटी पॅक-१२ मधल्या एका कॉलेजला होकार दिला. त्याच कॉन्फरन्समधली यूएससी आणि यूसीएलए ही लॉस एंजेलिसची कॉलेजं बिग टेनला जाणार हे ३० जून २०२२ लाच जाहीर झालं होतं, म्हणून आम्ही स्पष्ट विचारलं, "तुमचं काय?" उत्तर आलं, "आम्ही इथेच आहोत." कोच खोटं बोलत होते असं मला आजही वाटत नाही. त्यांना कुणी विचारतच नव्हतं. जुलै २०२३ मध्ये कोलोरॅडो निघालं. ४ ऑगस्टला उरलेले सगळे मिळून नव्या करारावर सह्या करतील अशी अपेक्षा होती. त्याच दिवशी ऑरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनला गेले, ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा बिग १२ या आणखी एका कॉन्फरन्सला गेले. १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि बर्कली थेट अटलांटिक किनाऱ्यावरच्या एसीसी कॉन्फरन्समध्ये. शंभरेक वर्षांची परंपरा असलेल्या कॉन्फरन्समध्ये ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट हे दोघेच उरले. आमची लेक तेव्हा डॉर्मसाठी सामान भरत होती. तिच्या कोचना ती बातमी आमच्याइतकीच अचानक कळली.

हे का झालं ते नीट समजून घ्या, कारण उद्या पुन्हा होईल तेव्हा त्याच कारणांनी होईल. मूळ आहे फुटबॉलचं टीव्ही प्रक्षेपण. १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ओक्लाहोमा विद्यापीठाच्या खटल्यात एनसीएएची (कॉलेजच्या खेळांच्या राष्ट्रीय संघटनेची) टीव्हीवरची मक्तेदारी मोडली आणि तेव्हापासून हे हक्क विकणं कॉलेजांच्या आणि कॉन्फरन्सच्या हातात आलं. बिग टेनने २०२२ च्या ऑगस्टमध्ये फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी यांच्याशी सात वर्षांचा, सात अब्ज डॉलरच्या वरचा करार केला. पॅक-१२ चा जुना करार २०२४ ला संपत होता. स्वतःची वाहिनी स्वतःच्याच मालकीची ठेवायचा हट्ट त्यांना महागात पडला, ती डायरेक्टीव्ही या मोठ्या सॅटेलाइट सेवेवर कधी दिसलीच नाही. शेवटी हातात उरला ॲपलचा प्रस्ताव, ज्यातलं उत्पन्न बरंचसं किती लोक वर्गणी भरतात यावर अवलंबून होतं.

पण नुसता पैसा म्हटलं तर अर्धंच कळतं. मागे राहून जाण्याची भीती पैशापेक्षा मोठी होती. स्टॅनफर्ड आणि बर्कली यांनी एसीसीत पहिली सात वर्षं टीव्हीच्या पैशाचा साधारण ३० टक्केच वाटा कबूल केला. त्यांच्याबरोबर एसीसीत गेलेल्या डॅलसच्या एसएमयूने तर नऊ वर्षं काहीच न घेण्याचं मान्य केलं. दुसरीकडे जुनी देणी होती. यूसीएलएच्या क्रीडा विभागाचा तोटा १० कोटी डॉलरच्या पुढे गेला होता. यूसीएलए निघाल्यावर बर्कलीचं जे नुकसान झालं त्यापोटी यूसीएलएने वर्षाला १ कोटी डॉलर द्यायचे, असं रीजंट्सनी, म्हणजे दोन्हींच्या सामाईक नियामक मंडळाने, ठरवून दिलं.

या सगळ्या हिशोबात टेनिस कुठे आहे? कुठेही नाही. हे कडू वाटेल, पण मी ठामपणे सांगतो. फुटबॉलचा संघ आठवड्यातून एकदा खेळतो, खास विमानाने जातो. टेनिसच्या मुली नेहमीच्या विमानाने, दोन ठिकाणी बदलून, कधी गुरुवारी निघून सोमवारी पहाटे परत येतात. लॉस एंजेलिस ते न्यू जर्सीतलं, बिग टेनचंच रटगर्स हे अंतर अडीच हजार मैलांच्या आसपास आहे. वर एनसीएएची आठवड्याला २० तासांची मर्यादा ऐकून हायसं वाटून घेऊ नका. सामन्याचा अख्खा दिवस त्यात तीनच तासांचा धरतात आणि प्रवास धरतच नाहीत. कॉलेज क्वार्टर (सहामाहीऐवजी तिमाही) पद्धतीचं असेल तर दहा आठवड्यांत सगळं संपतं, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मिडटर्म. दुसऱ्या वर्षी आमच्या मुलीने ऑरगॅनिक केमिस्ट्रीचे दोन लॅब एअरपोर्टवर बसून भरून काढायचा प्रयत्न केला. लॅब एअरपोर्टवर होत नाही.

त्या वेळचे यूसीएलएचे फुटबॉल प्रशिक्षक चिप केली यांनीच सुचवलं होतं की फुटबॉल वेगळं काढा आणि बाकीचे खेळ आपापल्या भागात ठेवा. मला ते शंभर टक्के पटतं. वॉटर पोलोसारखे खेळ पश्चिमेतल्याच एमपीएसएफ कॉन्फरन्समध्ये खेळले जातात, तिथल्या मुलांना हा त्रास नाही. टेनिसला ते भाग्य लाभलं नाही.

आता आमची खरी चूक. प्रवास आम्ही सहन केला असता. २०२५ च्या उन्हाळ्यात लेकीने ट्रान्सफर पोर्टलमध्ये (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीत) नाव टाकलं आणि घराजवळच्या एका कॉलेजला होकार दिला. नाव घेणार नाही. तिथल्या कार्यालयाला मी स्वतः विचारलं, "हिची किती युनिट्स (क्रेडिट्स) ट्रान्सफर होतील?" उत्तर मेलवर आलं, "सगळी." तिची क्वार्टरची ९० युनिट्स होती, सेमिस्टरच्या हिशोबाने ६०. पदवी १२० ची. म्हणजे बरोबर अर्धी. आम्ही निश्चिंत झालो आणि जून-जुलै पुण्यात घालवले.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात तिला बोलावून सांगितलं की ती खेळायला पात्र नाही. एनसीएएचा नियम असा की तिसरं वर्ष सुरू होताना पदवीचा ४० टक्के भाग पूर्ण झालेला हवा, आणि तो *त्या* कॉलेजच्या *त्या* पदवीचा. १२० चे ४० टक्के म्हणजे ४८. तिची साठच्या साठ युनिट्स त्यांनी घेतली होती, पण बायोकेमिस्ट्रीच्या पदवीला त्यातली ४२ च लागू होत होती. बाकी १८ नुसती ऐच्छिक म्हणून पडून राहिली, कारण त्या पदवीत ऐच्छिक विषयांना जागाच उरलेली नव्हती. सहा युनिट्स कमी पडली. दोन विषय. उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजात सहज झाले असते, पण उन्हाळा संपला होता.

मी त्या कार्यालयात तीनदा गेलो. एका खिडकीवर म्हणाले, हे काम क्रीडा विभागाचं. क्रीडा विभाग म्हणाला, विषय लागू करायचे की नाही हे डिपार्टमेंट ठरवतं. डिपार्टमेंटचे सल्लागार सुट्टीवर. "सगळी युनिट्स ट्रान्सफर होतील" हे मेलवर लिहिणाऱ्या बाईंनी शांतपणे सांगितलं की त्यांचं उत्तर बरोबरच होतं, ट्रान्सफर झालीच आहेत. आणि ते खरं होतं. मी चुकीचा प्रश्न विचारला होता. पण १९ वर्षांची एक मुलगी खेळाडू म्हणून येतेय हे माहीत असलेल्या एकाही माणसाला दुसरा प्रश्न आपणहून सुचवावासा वाटला नाही, याचा राग अजून जात नाही. फॉलच्या सगळ्या स्पर्धा तिने कठड्याबाहेरून पाहिल्या. जानेवारीत पात्र झाली तोवर सिंगल्सच्या सहा जागा भरलेल्या होत्या.

म्हणून "नाहीच जमलं तर ट्रान्सफर" हे वाक्य ऐकलंत की थांबा. विचारायचं ते असं: या मेजरच्या (मुख्य विषयाच्या) पदवीला माझी किती युनिट्स *लागू* होतात, आणि ४०, ६० किंवा ८० टक्क्यांच्या (वर्ष पुढे जातं तशा वाढणाऱ्या) नियमात मी कुठे बसते? विषयवार यादी मागा, डिपार्टमेंटच्या माणसाच्या सहीसकट, होकार देण्याआधी. देत नसतील तर माझ्या मते तिथे जाऊ नये. कुणाला हे टोकाचं वाटेल, वाटू दे.

तुमच्या दोन पर्यायांबद्दल माझं मत विचाराल तर, मुलीला विचारा की रॅकेट उद्या सुटली तरी यातल्या कुठल्या कॉलेजात राहायला आवडेल. ते निवडा. १ जुलै २०२६ पासूनच्या पॅक-१२ मध्ये बॉइझी स्टेट, फ्रेझ्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट अशी बहुतेक कॉलेजं पश्चिमेतलीच आहेत, प्रवास कमी आहे. पण तीही कायमची व्यवस्था समजू नका. दोन्ही कोचना मागच्या वर्षीचं पूर्ण वेळापत्रक मागा, निघण्या-परतण्याच्या वेळांसह, आणि संघातल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलीशी कोच समोर नसताना बोला.

जाता जाता दोन गोष्टी. खेळाडूंनी एनसीएएवर केलेल्या हाऊस खटल्याच्या जून २०२५ मधल्या तडजोडीनंतर कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी २.०५ कोटी डॉलरपर्यंत. त्यातला मोठा भाग फुटबॉल आणि बास्केटबॉललाच जाणार, आणि काही कॉलेजांनी खर्चामुळे टेनिसचे संघ बंदही केले आहेत. तेव्हा संघच बंद झाला तर स्कॉलरशिप चालू राहते का, हे लेखी घ्या. दुसरं, तुमचं ग्रीन कार्ड अजून रांगेत असेल आणि मुलगी एच-४ वर (एच-१बी वाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर) असेल, तर कुठल्याही जाहिरातीच्या पैशाला हात लावण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. एच-४ वरच्या मुलांना कामाची परवानगी नसते, आणि संघातल्या बाकीच्या मुली करतात म्हणून हिनेही केलं तर निस्तरताना फार जड जाईल.

मुलीचं मेजर तुम्ही लिहिलेलं नाही. सायन्स किंवा इंजिनिअरिंग असेल तर इथेच सांगा. आम्हाला शेवटी मिळालेली विषयवार यादी माझ्याकडे आहे, त्यातला कुठला रकाना पाहायचा ते लिहून देतो.