जेफ्री एपस्टीनचा तुरुंगातील मृत्यू ही आत्महत्या होती की हत्या?

आपला प्रश्न असा आहे की, बड्या लोकांत ऊठबस असलेला अमेरिकी धनाढ्य एपस्टीन याच्यासारखा इतका महत्त्वाचा कच्चा कैदी कडक पहाऱ्यात असताना नेमक्या त्याच रात्री रक्षक झोपतात, कॅमेरे बंद असतात आणि कोठडीतला सोबतीही हलवलेला असतो, हे सगळे योगायोग मानायचे का? माझे मत आधीच सांगतो. उपलब्ध पुरावा आत्महत्येकडे निर्देश करतो. परंतु या प्रकरणात कुठेतरी पाणी मुरते आहे असे ज्यांना वाटते, त्यांना मी भाबडे समजत नाही, कारण ते ज्या गोष्टींकडे बोट दाखवतात त्यांतल्या बहुतेक खऱ्या आहेत. मतभेद आहे तो त्यांच्या अर्थाविषयी.

एपस्टीनला ६ जुलै २०१९ रोजी अल्पवयीन मुलींच्या लैंगिक शोषणासाठी केलेल्या तस्करीच्या आरोपाखाली अटक झाली आणि १८ जुलैला त्याचा जामीन फेटाळला गेला. मॅनहॅटनमधील संघीय तुरुंगात २३ जुलैच्या पहाटे तो मानेवर व्रण असलेल्या अवस्थेत आढळला. सोबतच्या कैद्याने हल्ला केला असे तो प्रथम म्हणाला आणि नंतर आपल्याला काहीच आठवत नाही असे सांगू लागला; त्या कैद्याने आरोप नाकारला. त्यानंतर एपस्टीनला आत्महत्या-प्रतिबंधक देखरेखीखाली ठेवण्यात आले, मात्र ती देखरेख दीड दिवसही टिकली नाही. ३० जुलैला तो विशेष कक्षात (कैद्यांना इतरांपासून वेगळे ठेवण्याच्या विभागात) परतला तेव्हा त्याच्यासोबत सतत दुसरा कैदी असलाच पाहिजे, अशी सूचना मानसोपचार विभागाने सत्तरहून अधिक कर्मचाऱ्यांना ईमेलने कळवली होती. ९ ऑगस्टला सोबतच्या कैद्याची रवानगी दुसरीकडे झाली आणि त्याच्या जागी कोणीही आणले गेले नाही. १० ऑगस्टच्या सकाळी साडेसहाच्या सुमारास नाश्ता देण्यासाठी आलेल्या रक्षकांना तो निपचित अवस्थेत सापडला.

या कक्षात दर अर्ध्या तासाने फेरी मारणे आणि ठरलेल्या वेळी कैद्यांची गिनती करणे बंधनकारक होते. त्या रात्री साडेदहानंतर सकाळपर्यंत यांपैकी काहीही झाले नाही. कोठडीपासून अवघ्या पंधरा फुटांवर बसलेले दोन रक्षक इंटरनेटवर फर्निचर आणि मोटारसायकली पाहत होते, सुमारे दोन तास ते झोपलेले असावेत, आणि गिनती झाल्याच्या खोट्या नोंदी त्यांनी करून ठेवल्या, असे आरोपपत्रात नमूद आहे. दोघेही जादा पाळीवर होते. एकाची तर ओव्हरटाइमची सलग पाचवी पाळी होती. पुढे त्यांनी खोट्या नोंदींची कबुली देऊन सरकारशी तडजोड केली आणि खटला मागे घेतला गेला. इतक्या गाजलेल्या मृत्यूनंतर कोणालाही एक दिवसाचाही तुरुंगवास झाला नाही, हे पाहून सामान्य माणसाचा संशय बळावला तर त्यात नवल नाही.

कॅमेऱ्यांचे म्हणाल, तर ते त्या रात्री अचानक बंद पडले नव्हते. अमेरिकी न्याय खात्याच्या महानिरीक्षकांनी जून २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, ध्वनिचित्रमुद्रण यंत्रणेची हार्ड डिस्क २९ जुलैलाच बिघडली होती आणि तेव्हापासून तुरुंगातील जवळपास निम्म्या कॅमेऱ्यांचे चित्रीकरण साठवले जात नव्हते. हा बिघाड ८ ऑगस्टला लक्षात आला, पण दुरुस्ती दुसऱ्या दिवसापर्यंतही झाली नाही. कट रचणाऱ्यांनी हे घडवून आणले असे म्हणायचे असेल, तर एपस्टीनला विशेष कक्षात परत आणण्याच्या आदल्या दिवशीच त्यांनी हार्ड डिस्क निकामी केली आणि दहा दिवस ती कोणाच्याही नजरेस पडणार नाही असा भरवसा ठेवला, असे मानावे लागेल. ज्या तुरुंगात मनुष्यबळ अपुरे होते आणि यंत्रे जुनाट होती, तिथे हार्ड डिस्क बिघडणे आणि तिच्याकडे कोणी लक्ष न देणे मला अधिक संभवनीय वाटते. दोन वर्षांनी, २०२१ मध्ये, हा तुरुंगच दुरवस्थेमुळे बंद करावा लागला.

कंठास्थीचा, म्हणजे गळ्याच्या वरच्या भागातील लहानशा हाडाचा, मुद्दा सर्वांत जास्त उगाळला जातो आणि तोच सर्वांत कमी समजून घेतला जातो. न्यूयॉर्क शहराच्या मुख्य वैद्यकीय परीक्षक बार्बरा सॅम्पसन यांनी मृत्यूचे कारण गळफास आणि स्वरूप आत्महत्या असे नोंदवले. एपस्टीनच्या भावाने नेमलेले आणि शवविच्छेदनाच्या वेळी उपस्थित असलेले डॉ. मायकेल बॅडन यांनी मात्र कंठास्थी आणि स्वरयंत्राच्या कूर्चेवरील अस्थिभंग गळा दाबून केलेल्या हत्येशी अधिक जुळतात असे मत जाहीरपणे मांडले. बॅडन हे स्वतः त्या पदावर राहिलेले अनुभवी तज्ज्ञ आहेत, त्यामुळे त्यांचे म्हणणे झटकून टाकता येत नाही. तथापि वाढत्या वयात ही हाडे ठिसूळ होतात आणि उतारवयातील व्यक्तींच्या गळफासातही ती मोडतात, हे न्यायवैद्यकशास्त्रात मान्य आहे. एपस्टीन ६६ वर्षांचा होता. शिवाय ज्या डॉक्टरांनी प्रत्यक्ष शवविच्छेदन केले त्यांनी महानिरीक्षकांना सांगितले की झटापटीच्या जखमा, बोटांच्या पेरांवरील मुका मार किंवा नखांखाली अडकलेले कण, यांपैकी काहीही आढळले नाही. मोडलेल्या एका हाडावरून हत्या सिद्ध होत नाही, त्याला या बाकीच्या खुणांची जोड लागते, आणि ती येथे नाही.

जुलै २०२५ मध्ये न्याय खाते आणि एफबीआयने आत्महत्येचा निष्कर्ष पुन्हा मांडला आणि ज्याचे चित्रीकरण साठवले जात होते अशा, कक्षातील एका कॅमेऱ्याची जवळपास अकरा तासांची चित्रफीत प्रसिद्ध केली, तेव्हा मध्यरात्रीच्या आधीचे एक मिनिट गायब असल्याचे लोकांनी दाखवून दिले. यंत्रणा रोज रात्री नव्याने सुरू होत असल्यामुळे तेवढे मिनिट निघून जाते, असा खुलासा अ‍ॅटर्नी जनरल पॅम बाँडी यांनी केला. सप्टेंबरमध्ये संसदीय समितीने दिलेल्या चित्रफितीत मात्र ते मिनिट होते. त्यात खळबळजनक असे काहीच नव्हते, आणि म्हणूनच हा प्रकार मला विशेष संतापजनक वाटतो. लपवण्यासारखे काही नसतानाही चुकीचा खुलासा करायचा आणि लोक विश्वास ठेवत नाहीत म्हणून त्यांनाच नावे ठेवायची, ही सरकारी खाक्याची गोष्ट झाली. त्या कॅमेऱ्यात कोठडीचे दार दिसत नाही आणि तिकडे जाणारा जिनाही पुरता दिसत नाही, त्यामुळे चित्रफितीवरून कोणीच वर गेले नाही असे छातीठोकपणे सांगता येत नाही, हेही मान्य केले पाहिजे. त्या कोठडीच्या दाराकडे थेट नजर जाणाऱ्या कैद्यांनी मात्र रात्री कोणी आत गेले नाही असे सांगितले आहे.

त्याच्या मरणाने कोणाचा फायदा झाला, हा प्रश्न नेहमी पुढे येतो. फायदा अनेकांचा झाला असेल. पण त्यावरून संशयितांची यादी तयार होते, पुरावा नव्हे. उलट एपस्टीनच्या बाजूने पाहिले तर आरोप सिद्ध झाल्यास ४५ वर्षांपर्यंतची शिक्षा समोर होती, ८ ऑगस्टला त्याने मृत्युपत्रावर सही केली होती आणि ९ ऑगस्टला त्याच्यावरील आरोपांशी संबंधित एका जुन्या दाव्यातील सुमारे दोन हजार पानांची कागदपत्रे न्यायालयाने खुली केली होती.

बड्या लोकांना वाचवण्याच्या ज्या प्रकाराला खरोखर कागदोपत्री आधार आहे, तो या मृत्यूच्या जवळपास बारा वर्षे आधीचा आहे. फ्लोरिडातील संघीय अभियोक्त्यांनी २००७ मध्ये एपस्टीनशी खटला न चालवण्याचा करार केला, त्यात त्याच्या संभाव्य साथीदारांनाही अभय दिले आणि पीडित मुलींना त्याचा पत्ता लागू दिला नाही. २००८ मध्ये १८ महिन्यांची शिक्षा झाली. त्यातले सुमारे १३ महिने त्याने भोगले, तेही बराच काळ दिवसा कार्यालयात जाण्याची मुभा घेऊन. पीडितांना अंधारात ठेवून कायदा मोडला गेला, असे फेब्रुवारी २०१९ मध्ये न्यायाधीशांनी स्पष्ट म्हटले. गळफासाच्या गाठीवर जितकी चर्चा झाली त्याच्या पावपटही या करारावर झाली नाही.

९ ऑगस्टच्या संध्याकाळी एपस्टीनने आईला फोन करायचा आहे असे सांगून, देखरेखीशिवाय आणि ध्वनिमुद्रणाशिवाय एक फोन केला. त्याची आई कित्येक वर्षांपूर्वीच वारली होती आणि फोन दुसऱ्याच जवळच्या व्यक्तीला गेला होता. त्या संभाषणात धमकीचा किंवा जिवाच्या भीतीचा उल्लेख होता असे विश्वासार्ह पुराव्याने समोर आले, किंवा त्या रात्री कक्षात बाहेरची व्यक्ती आल्याची एकही नोंद सापडली, तर मी माझे मत बदलीन.