परिषदेचा खर्च आणि तारण ठेवलेल्या पाटल्या

टिळकवाडीत कार्यालय असलेल्या ३७ वर्षीय वास्तुविशारद भगिनींनी बेळगावहून विचारले आहे की, बंगळूरला होणाऱ्या वास्तुविशारदांच्या विभागीय परिषदेला जावे का. नोंदणी, तीन रात्रींचे हॉटेल आणि प्रवास मिळून सुमारे ४०,००० रुपये लागतील. वर्षाची व्यावसायिक जमा १८ लाख आहे, घरखर्च महिना ६०,०००, आणि ग्राहकांकडे साडेचार लाखांची फी अडकलेली आहे. परिषदेत दोन-तीन मोठी कामे मिळतील आणि खर्च दाखवून करही वाचेल, अशी त्यांची अपेक्षा आहे. पत्राच्या शेवटी त्या ओघात लिहितात: "गेल्या जानेवारीत विम्याच्या १ लाख २० हजारांच्या दुसऱ्या हप्त्यासाठी पाटल्या पतसंस्थेत १२ टक्क्यांनी ठेवल्या आहेत, त्यावरच थोडे वाढवून घेईन. पॉलिसी चांगली आहे. दहा वर्षे भरायचे, विसाव्या वर्षी दुप्पट, शिवाय १२ लाखांचा विमा."

परिषदेचे उत्तर थोडक्यात देतो. ४०,००० म्हणजे आपल्या जमेच्या सव्वादोन टक्के; व्यवसायात राहणाऱ्या माणसाने वर्षातून एकदा एवढा खर्च करण्यात गैर काही नाही. मात्र तेथे येणारी बहुतेक मंडळी आपल्यासारखीच वास्तुविशारद असतात, घर बांधणारे ग्राहक नव्हेत. बंगळूरच्या एखाद्या कार्यालयाला हुबळी-बेळगाव भागातील कामावर देखरेखीसाठी इथला माणूस हवा असेल, तर ओळख उपयोगी पडेल, पण त्यातून काम यायला वर्ष-दोन वर्षेही लागू शकतात. त्या आशेवर कर्ज काढू नये.

कराचा मुद्दा तर मुळातच गैरलागू आहे. आपल्याएवढी जमा असलेले अनेक व्यावसायिक प्राप्तिकराच्या ठोक उत्पन्नाच्या तरतुदीखाली (१९६१ च्या कायद्यातील कलम ४४एडीए) जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवतात. तसे असेल तर सर्व खर्च त्यातच धरलेला असतो आणि परिषदेची पावती वेगळी दाखवता येत नाही. आपले करपात्र उत्पन्न ९ लाख होते, आणि २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर कर शून्य आहे. जो कर लागतच नाही तो वाचणार कसा? कंपनी ग्राहकांनी फीतून १० टक्के उद्गम कर (टीडीएस) कापला असेल, तर विवरणपत्र भरून तो मात्र जरूर परत मिळवा.

आता आपण न विचारलेली गोष्ट. "दुप्पट" हा शब्द ऐकून माणसे सही करतात, आणि विकणाऱ्याला तेवढेच हवे असते. १२ लाख भरून विसाव्या वर्षी २४ लाख मिळणार. हप्ते दहा वर्षांत विभागलेले असल्याने आपला प्रत्येक रुपया सरासरी साडेपंधरा वर्षे अडकतो. रक्कम दुप्पट व्हायला लागणाऱ्या वर्षांनी ७२ ला भागले की ढोबळ व्याजदर निघतो. ७२ ला साडेपंधराने भागा: परतावा वर्षाला सुमारे ४.६ टक्के. तो मिळवण्यासाठी आपण १२ टक्क्यांनी कर्ज काढले आहे. कर्जाचे व्याजच वर्षाला १४,४०० रुपये होते, आणि जवळपास तेवढ्याच रकमेत आपल्या वयाच्या, तंबाखू न घेणाऱ्या निरोगी महिलेला १ कोटीचा शुद्ध मुदत विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच रक्कम देणारा) मिळू शकतो. पॉलिसीतील १२ लाखांचे संरक्षण मात्र आपल्या घराला वीस महिने पुरेल. ही पॉलिसी करबचतीसाठी म्हणून आपल्या गळ्यात मारली असेल, तर नव्या प्रणालीत विम्याच्या हप्त्यावरची (जुन्या कलम ८०सी ची) वजावट मिळत नाही, हेही विकणाऱ्याने सांगायला हवे होते. पण त्याला त्याच्या कमिशनची घाई असते.

"दोन हप्ते भरले आहेत, ते वाया जातील" असे आपण म्हणाल. २ लाख ४० हजारांच्या मोहापायी आणखी ९ लाख ६० हजार त्याच खड्ड्यात टाकायचे का, एवढाच खरा हिशेब आहे. दोन वर्षांचे हप्ते भरलेली अशी पॉलिसी साधारणपणे पेड-अप करता येते, म्हणजे पुढे काही न भरता मुदतीअखेर त्या प्रमाणात, ढोबळ मानाने पावणेपाच लाखांच्या आसपास रक्कम मिळते. उरलेले आठ हप्ते भरून आपल्याला वरचे सुमारे १९ लाख मिळतील. तेच हप्ते पीपीएफमध्ये (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत) गेले आणि ७.१ टक्के दर टिकला, तर त्याच काळात सुमारे २६ लाख होतात. कंपनीकडून पेड-अप मूल्य आणि सरेंडर मूल्य (पॉलिसी आताच मोडल्यास हाती येणारी रक्कम) हे दोन्ही आकडे लेखी मागवा. तोंडी आकड्यावर निर्णय नको. मुदत विम्याचा अर्ज मंजूर होऊन पॉलिसी हाती येईपर्यंत जुनी पॉलिसी बंद करू नये, म्हणून अर्ज जानेवारीतल्या पुढच्या हप्त्याच्या बराच आधी करावा.

राहिला प्रश्न पैशांचा, तर ते आपलेच आहेत आणि ग्राहकांकडे पडून आहेत. नकाशा मंजूर झाला की पुढची फी रेंगाळते, हा बुडाच्या (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या) कचेरीत खेटे घालणाऱ्या प्रत्येक वास्तुविशारदाचा अनुभव असतो. साडेचार लाखांतील पहिले दीड लाख वसूल करून आधी पाटल्या सोडवा. त्यानंतर येणाऱ्या फीतून परिषदेची नोंदणी करा, आणि मुदतीपूर्वी ती आली नाही तर यंदाची परिषद सोडून द्या. नव्या प्रत्येक करारात मात्र टप्प्याटप्प्याने फीची तारीख लिहा, आणि बांधकामाचे तपशीलवार नकाशे मंजुरीच्या टप्प्याची फी जमा झाल्यावरच हाती द्या.