नवा आवाज घेण्याआधी

अरे, कॉम्प्युटरवर गाणं गाऊन देणारा आवाज विकत घ्यायचाय ना? मग डेमो ऐकून लगेच पैसे मोजू नकोस. डेमो त्या आवाजाला मानवेल असाच बांधलेला असतो. हात्सुने मिकू या जपानी सॉफ्टवेअर-आवाजाचंच बघ. २००७ साली आलेल्या या बाईचा आवाका तिला बनवणाऱ्या क्रिप्टन कंपनीने ए३ ते ई५ या सुरांचा आणि लय मिनिटाला ७० ते १५० ठोके अशी सांगून ठेवलीये. त्या सुरांच्या फार खाली उतरवलीस की पुटपुटते.

सिंथेसायझर व्ही या दुसऱ्या गाणाऱ्या सॉफ्टवेअरचे एआय आवाज पहिल्याच फटक्यात माणसासारखे वाटतात. रीटेक दाबलं की तीच ओळ वेगळ्या ढंगात मिळते. सोय झकास, पण मी सुरुवातीला नुसतं रीटेकच दाबत बसायचो आणि गाणं जागच्या जागी! त्यापेक्षा एकच ओळ घे, पडद्यावरची स्वराची रेघ हाताने ओढ, मींड कुठे सुरू होते ते ऐक. काही आवाजांची लाइट आवृत्ती फुकट मिळते, आधी त्यावर हात साफ कर.

मराठी गाऊन घ्यायचंय? जपानी आवाजात ‘ळ’ नाहीच. ‘बाळ’चं ‘बारु’ होतं. शेवटचा ‘उ’ अगदी आखूड कर, त्याचा जोरही उतरव. तरी माझ्या आजीने विचारलंच, ‘ही मुलगी कुठली रे?’