चौथं प्रकरण काढायचं नाही

प्रिय मुली,

तुझं पत्र मिळालं. प्रबंधातलं चौथं प्रकरण, दीर्घ कोविडचं, म्हणजे संसर्ग ओसरल्यावरही महिनोन्महिने रेंगाळणाऱ्या आजाराचं, गाळू का असं विचारतेस. मार्गदर्शकांचं म्हणणं असं की स्वीडनच्या सक्तीची टाळेबंदी न करण्याच्या धोरणाचा निकाल मृत्यूंच्या आकड्यांनी लागलाच आहे आणि आजारीच राहिलेल्यांची माहिती इतकी विस्कळीत आहे की तिच्यावर प्रकरण उभं राहणार नाही. शिवाय तुझी स्वतःची शंका: ज्या देशाने शिष्यवृत्ती दिली त्याच्या चुका आपण परक्यांनी काढाव्यात का?

या शंकेवर मी शाई घालवणार नाही. त्यांनी स्वतःच चौकशी आयोग नेमला आणि आयोगाने सरकारला बोल लावले. तू कशाला संकोच करतेस?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र नीट ऐक. रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे. हे वाक्य कागदावर लिहून टेबलासमोर लाव.

तुझे मार्गदर्शक खोटं बोलत नाहीत. 2020 ते 2022 या तीन वर्षांचे अतिरिक्त मृत्यू, म्हणजे एरवी अपेक्षित असतात त्याहून जास्त झालेले, एकत्र धरले तर स्वीडन युरोपातल्या सर्वांत कमी नुकसान झालेल्या देशांत येतो. हे पहिल्याच पानावर लिही, लपवू नकोस. पण त्याच पानावर हेही लिही की पहिल्या वर्षात लोकसंख्येच्या प्रमाणात तिथले मृत्यू शेजारच्या नॉर्वे-फिनलंडच्या कितीतरी पट होते. मॅट्स मेलिन यांच्या अध्यक्षतेखालच्या त्या चौकशी आयोगाने डिसेंबर 2020 मध्येच वृद्धांचं रक्षण करण्यात देश अपयशी ठरल्याचं सांगितलं. फेब्रुवारी 2022 च्या अखेरच्या अहवालात सक्तीची टाळेबंदी टाळणं योग्य ठरवलं, पण 2020 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये अधिक कडक पावलं, लवकर उचलायला हवी होती हेही नोंदवलं. दोन्ही वाक्यं एकाच अहवालात आहेत. लोक आपल्याला हवं ते उचलतात. तू दोन्ही उचल.

आता मृत्यूंच्या त्या तक्त्यांत काय नाही ते बघ. 2020 च्या वसंतात तिथे चाचणी व्हायची ती मुख्यतः इस्पितळात दाखल झालेल्यांची आणि आरोग्य कर्मचाऱ्यांची. बाकीच्यांना सांगितलं होतं, घरी थांबा. माणसं घरी तापली, घरीच खोकली आणि त्यांचं नाव कुठल्याही यादीत चढलं नाही. पुढे त्यातल्या काहींना जिना चढवेना, संगणकासमोर तासभर बसलं की दोन दिवस अंथरूण धरावं लागे. दवाखान्यात गेल्यावर पहिला प्रश्न, चाचणीचा कागद आहे का? कागद नाही म्हणून निदान नाही, निदान नाही म्हणून आजारपणाच्या भत्त्याला अडचण. ज्या व्यवस्थेने चाचणी केली नाही तीच पुढे चाचणीचा पुरावा मागू लागली. आणि आज कुणी तुला सांगतं की आकडेवारी कमकुवत आहे! ती कमकुवत कुणी ठेवली, हाच तर तुझ्या चौथ्या प्रकरणाचा विषय आहे. मृतांच्या नोंदीवर धोरण जोखायचं आणि जिवंत राहून मोडलेल्यांची नोंदच ठेवायची नाही, याला निकाल म्हणत नाहीत.

वृद्धांच्या निवासगृहांचंही तेच. तिथल्या आरोग्य-तपासणी यंत्रणेनेच नोव्हेंबर 2020 मध्ये सांगितलं की संसर्ग झालेल्या सुमारे पाचातल्या एका रहिवाशाची डॉक्टरांनी स्वतंत्र तपासणी केल्याची नोंद नव्हती. पुन्हा रिकामा रकाना.

शाळांबद्दल जपून लिही. सोळा वर्षांखालच्या मुलांच्या शाळा चालू ठेवल्या म्हणून मी स्वीडनला दोष देत नाही. आपल्याकडे शाळा किती काळ बंद राहिल्या आणि त्याने गरिबांच्या मुलांचं काय झालं हे तुला माहीत आहे. पण शाळा उघडी ठेवायची तर खिडक्या, मास्क, चाचण्या आणि नंतरचा पाठपुरावा ही जबाबदारी दुप्पट होते, आणि ती कुणी उचलली नाही. अर्थतज्ज्ञ योनास व्लाकोस आणि सहकाऱ्यांचा 2021 चा अभ्यास बघ: वर्गात शिकवत राहिलेल्या माध्यमिक शिक्षकांना संसर्गाचं प्रमाण, घरून शिकवणाऱ्या उच्च माध्यमिक शिक्षकांच्या सुमारे दुप्पट होतं. मार्च 2020 मध्ये स्वीडनचे तेव्हाचे मुख्य साथरोगतज्ज्ञ अँडर्स टेगनेल यांनी फिनलंडचे आरोग्य अधिकारी मिका साल्मिनेन यांना पाठवलेला ईमेलही आता जाहीर आहे. शाळा उघड्या ठेवल्या तर सामूहिक प्रतिकारशक्ती लवकर येईल, असा मुद्दा त्यात होता. ते आपलं उद्दिष्ट नव्हतं असं टेगनेल म्हणत आले. तेही लिही. मग विचार, त्या शिक्षकांपैकी किती जण पूर्वीसारखे उभे राहून तास घेऊ शकले? तुला उत्तर मिळणार नाही. उत्तर नाही, एवढंच छापलं तरी प्रकरण उभं राहतं.

मी त्या काळात तिथल्या एका आरोग्य कार्यालयात रुग्णनोंदींचं काम करत होते. बरं झालेल्यांना तीन महिन्यांनी एक साधा प्रश्न विचारावा, पूर्ववत झालात का, एवढंच माझं म्हणणं होतं. उत्तर आलं, आधी मृत्यू मोजू, बाकीचं नंतर. मी दर बैठकीत तेच मांडत राहिले. मग मला घाबरट म्हणाले, भावनिक म्हणाले, पुढे कॉफीच्या वेळी माझ्या टेबलावर कुणी बसेना. ते ‘नंतर’ कधी आलं नाही. 9 फेब्रुवारी 2022 ला निर्बंध उठले, सर्वसामान्यांची चाचणीही बंद झाली, आणि ओमिक्रॉनच्या लाटेतली असंख्य माणसं पहिल्या लाटेतल्यांसारखीच यादीबाहेर राहिली. मी हट्टी होते. आजही तोच प्रश्न विचारीन. हळहळ एकाच गोष्टीची आहे: ते महिने गेले, आणि माणसाला सहा वर्षांनी विचारून तेव्हाचा थकवा मोजता येत नाही.

वाचलेल्यांचा असा पाठपुरावा स्वीडन-डेन्मार्कसारख्या नॉर्डिक देशांना अवघड होता असं कुणी म्हणू नये. 1952 साली डेन्मार्कच्या कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली तेव्हा भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांच्या पद्धतीने सुमारे 1500 वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने हाताने पिशवी दाबून रुग्णांचा श्वास चालू ठेवला. अतिदक्षता विभागाची कल्पना तिथून उभी राहिली. साथ ओसरल्यावरही पोलिओ संपत नाही, कित्येक दशकांनी स्नायू पुन्हा दुबळे होतात, हे याच देशांतल्या डॉक्टरांना चांगलं ठाऊक होतं. मग कोविडच्या वेळी जो वाचला तो सुटला असं कसं धरलं? मला याचा संताप येतो, आणि तो आवरायची मला गरज वाटत नाही.

तू आपल्याकडची आहेस, म्हणून तुला हे दुसऱ्या कुणाहून लवकर कळायला हवं. 2021 अखेरपर्यंत भारताचा कोविड-मृत्यूंचा अधिकृत आकडा 4.8 लाखांच्या आसपास होता, जागतिक आरोग्य संघटनेचा अतिरिक्त मृत्यूंचा अंदाज 47 लाखांचा. सरकारने तो नाकारला. तू त्या वादात कुणाचीही बाजू घे, पण न नोंदलेली माणसं कशी नाहीशी होतात हे तू गावात पाहिलं आहेस. स्टॉकहोममध्ये कागद स्वच्छ असतात, छपाई सुबक असते. तेवढ्याने रकाना भरत नाही.

मार्गदर्शकांशी भांडू नकोस, तुला पदवी घ्यायची आहे. प्रकरणाचं शीर्षक बदल. ‘दीर्घ कोविडचं प्रमाण’ असं म्हणू नकोस, ‘दीर्घ कोविड न मोजण्याची प्रक्रिया’ म्हण. मग पुरावा कमी पडत नाही, कारण नसलेली नोंद हाच पुरावा होतो. तक्त्यात माहिती नसेल तिथे ‘नोंद नाही’ असं अक्षरात लिही. तिथे शून्य दिसलं तर मी मसुदा परत पाठवीन.

मुलाखती घेशील तेव्हा घाई करू नकोस. या आजारात श्रमानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास उसळतो आणि बोलणं हाही श्रमच. वीस मिनिटांवर थांब, प्रश्न आधी लिहून पाठव, कॅमेरा बंद ठेवायला सांग. दोन दिवसांनी फोन करून विचार की मुलाखतीने त्रास वाढला का, आणि उत्तर तारखेसह लिहून ठेव. पहिल्या तीन मुलाखती झाल्या की मला पाठव.

तुझी,
मावशी